अंगठा उठत नाही

प्रणित माझ्या दुकानात आला तो चुकून. त्याला शेजारचा नोटरी हवा होता.

"यावर शिक्का पायजे," म्हणत त्याने स्टॅम्पपेपर पुढे केला. पेणमधली एक खोली, अकरा महिन्यांचा करार, खाली रोह्याच्या कमळाकर सरांची सही. घरमालक निवृत्त शिक्षक आहेत हे अक्षरावरूनच कळत होतं.

भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देणं हा माझा धंदा. त्यामुळे मला राहवलं नाही.

"शिक्क्याने भागत नाही. अकरा महिन्यांचा असो नाहीतर सहा, आपल्याकडे करार नोंदवावाच लागतो. ती जबाबदारी घरमालकाची."

"अन् नाय नोंदवला तर?"

"उद्या वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं, म्हणजे तुमचं म्हणणं कोर्ट आधी खरं धरणार."

"मंग माझा फायदाच हाय की!" तो हसला. हसताना नजर खाली घालायची त्याला सवय होती. हे माझ्या का लक्षात राहिलं, विचारू नका.

फोनवर "अकरा महिन्यांना कसली आलीय नोंदणी?" असं ठासून विचारणारे कमळाकर सर हा मुद्दा ऐकताच नरमले. दुसऱ्याच दिवशी मी ठसे घ्यायचं मशीन घेऊन रोह्याला गेले. त्यांचा अंगठा एका दमात उठला. राहिला भाडेकरूचा.

तो काही उठेना. प्रणित धरमतरच्या खाडीकाठचा. लहानपणापासून बापाबरोबर मिठागरात राबलेला, आता डोलवीला कंपनीत कंत्राटी वेल्डर. अंगठ्यावरच्या रेषा पार झिजलेल्या. मी अंगठा पुसला, तेल लावलं, दाबून धरला... मशीनवर लाल दिवा.

"उद्या बघू," मी म्हणाले.

इथे मी एक गोष्ट लपवली. अंगठा नाही उठला तर दुसरं बोट चालतं. खाडीपट्ट्यातली निम्मी गिऱ्हाइकं मी तशीच मार्गी लावते. पण दुसरं बोट लावलं असतं तर काम पाच मिनिटांत संपलं असतं, आणि तो गेला असता. मी काही प्रेमात-बिमात पडणाऱ्यातली नाही. फक्त एक दिवस पुढे ढकलला. मग आणखी एक. असे पंधरा दिवस गेले.

"तुमच्या मशीनला मी आवडत नाय वाटतं," तो एकदा म्हणाला.

"मशीनचं मला माहीत नाही," मी म्हणाले आणि उगाच की-बोर्ड पुसायला घेतला.

"अन् मॅडमचं?"

"मॅडमना कामं आहेत. उद्या या."

शुक्रवारी कमळाकर सरांचा फोन आला. "आसावरी, उद्यापर्यंत नोंदणी झाली नाही तर खोली दुसऱ्याला देतो. नोंदणीशिवाय मी किल्ली देणार नाही. तूच घाबरवलंस मला!"

त्याच दिवशी प्रणितचा मित्र प्रविण झेरॉक्स काढायला आला. बोलता बोलता म्हणाला, "लवकर करा नं त्याचं काम. शिफ्ट सुटल्यावर गावाला गाडी नसते. पंधरा दिवस आमच्या ओटीवर डास मारत झोपतोय."

मला स्वतःची लाज वाटली. पेणमध्ये परवडणारी दुसरी खोली त्याला कुठून मिळणार होती? माझ्या हौसेपायी त्याचं छप्पर जायची वेळ आली होती.

शनिवारी तो आला, नेहमीसारखा अंगठा पुढे करून. मी मशीन बाजूला सरकवलं.

"ऐका — दुसरं बोट चालतं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. तुम्ही परत यावं म्हणून मी... बोलले नाही."

त्याने पुढे केलेला अंगठा मागे घेतला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"मला पण ठाव व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"कंपनीच्या गेटवर अंगठा कुठं उठतो? हजेरीला रोज करंगळीशेजारचं बोट लावतो मी."

"मग बोलला का नाहीत? तिकडे तुम्हाला डास खात—"

"बोललो असतो तर तुम्ही काम उरकून टाकलं असतंत."

त्याने मशीन जवळ ओढलं, बोट ठेवलं. हिरवा दिवा. पंधरा दिवसांचं काम दोन सेकंदांत संपलं. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "उद्या काय कारण काढून येऊ?"

"कारण नको," मी म्हणाले. "नुसता ये."