एकवीस वेळा कॉपी केलेलं लग्न

ट्रेमध्ये अकरा स्क्रू होते: आठ लांब, तीन आखूड. शेजारी एक चिमटा, एक मऊ ब्रश, पाठ उघडलेला लॅपटॉप आणि गार झालेला अर्धा कप चहा. दुकानात माणसं दोन होती. तिसरी आत आली, तिच्या पिशवीचा बंद ट्रेला अडकला, आणि ट्रेमध्ये एकही स्क्रू उरला नाही.

ती फक्त झेरॉक्सचं दुकान कुठे आहे एवढंच विचारायला आली होती.

"हलू नका," काउंटरमागचा तरुण म्हणाला. "एखादा चपलेखाली जाईल."

ती जागच्या जागी गुडघ्यांवर बसली. तोही बसला. दोघं फरशीवर तळहात फिरवत राहिले.

"आखूड एक राहिला," ती म्हणाली.

"तुम्ही मोजले होते?"

"आत येताना नजर गेली. सवय आहे... मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत असते."

"बरंय. बाकीचे पाडल्यावर मोजतात."

अकरावा स्क्रू तिच्याच पिशवीच्या बाहेरच्या खिशात निघाला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कोपऱ्यात त्याची आत्या कपाळावर भिंग लावून सोल्डरिंग करत होती. दुकान तिचंच. मान वर न करता ती म्हणाली, "चोर सापडला का रे?"

त्या दिवसापासून आत्याच्या लेखी ती 'स्क्रूवाली' झाली.

आठवड्याने स्क्रूवाली स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. तो सुरू व्हायला चार मिनिटं लागायची. त्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची वेगवान ड्राइव्ह, बसवली, आणि चार मिनिटांचे चौदा सेकंद झाले. मग त्याने वेग मोजून वहीत टिपला: लिहिताना सेकंदाला ४८० मेगाबाइट.

"आता पथ्य," असं म्हणून त्याने एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. "ड्राइव्ह गच्च भरू नका, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं, करू नका, ते जुन्या डिस्कचं औषध. हिची त्याने नुसती झीज होते. आणि ट्रिम बंद करू नका."

"ट्रिम म्हणजे?"

"तुम्ही फाइल पुसली, तुमच्या दृष्टीने ती गेली. पण ड्राइव्हला कुणी सांगायला नको का, की बाई, ही जागा आता मोकळी झाली? ते सांगते ती ट्रिम. नाही सांगितलं तर बिचारी गेलेलं सगळं सांभाळत बसते, आणि मग मंदावते."

"माणसांसारखीच की."

"माणसं आम्ही दुरुस्त करत नाही." तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त बारीक व्हायचा, हेही तिने टिपलं. "नीट वापरलीत तर वर्षानुवर्षं बघायला नको. मला तुमचं तोंडसुद्धा दिसणार नाही."

तो गमतीत बोलला. तिला मात्र ते वाक्य घरापर्यंत पुरलं.

तीन शनिवार तसेच गेले. चौथ्याच्या आदल्या दिवशी तिने तो कागद समोर ठेवला आणि तिन्ही ओळींच्या बरोबर उलट वागली. ट्रिम बंद केली. डीफ्रॅग चालवलं. मग ताईच्या लग्नाचा वीस जीबीचा व्हिडिओ एकवीस वेळा कॉपी केला. भावजी एकवीस वेळा लाजले. ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरल्यावर तिने सगळ्या कॉपी पुसल्या आणि काही कळू नये म्हणून ट्रिम पुन्हा सुरू करून ठेवली. वरवर बघता जागा मोकळी, वेग मात्र नव्वदवर.

"असं व्हायला नको होतं," शनिवारी तो म्हणाला. दोन तास तो शोधत बसला आणि ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर. चहा झाला. स्क्रीन लहान असल्यामुळे डोकी जवळ आली. त्याच्या शर्टाला धुतलेल्या कापडाचा आणि किंचित जळक्या वायरचा वास येत होता... शेवटी त्याने ड्राइव्हची पूर्ण सफाई चालवली, वेग परत आला, आणि ती निघताना म्हणाला, "आता नाही बिघडणार."

दोन आठवड्यांनी लॅपटॉप पुन्हा बिघडला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा.

प्रयोगशाळेत कुणी आकडा फिरवला असता तर तिने त्याचं तोंड पाहिलं नसतं. आता रोज सकाळी नमुन्यांच्या बाटल्यांवर तारीख घालताना तिला स्वतःचंच अक्षर बघवेना. पण शनिवार आला की पाय तिकडेच वळायचे.

चौथ्या खेपेला ती दारात पोचली तेव्हा तो फोनवर होता. समोर नऊ गिऱ्हाइकांची यादी होती, आणि तीन नावांवर खूण.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या लॅपटॉपमध्ये मी बसवलेली ड्राइव्ह... हो, त्याच खेपेतली. एका गिऱ्हाइकाची सारखी मंदावतेय. तुमचीही आणून द्या, बदलून देतो. नाही, चूक माझीच. मीच पारखून घ्यायला हवी होती."

त्याने फोन ठेवला. चौथ्या नावाकडे बोट नेलं.

"पंधरा वर्षांत एकदासुद्धा दुकानातून असा फोन गेला नव्हता," आत्या म्हणाली. "नाक कापलंस."

त्याने मान खाली घातली. उलटून काही बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"फोन लावू नका," ती म्हणाली. "ड्राइव्ह चांगली आहे. ती मी... मीच मंद करून आणत होते. तिन्ही वेळा. आणि आजही."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. ट्रिम, डीफ्रॅग, पुसलेल्या कॉपी. एकवीस हा आकडा सांगताना आवाज इतका खाली गेला की आत्याने विचारलं, "किती?"

"एकवीस," ती पुन्हा म्हणाली.

"पण का?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणाला होतात... वर्षानुवर्षं तोंड दिसणार नाही."

तो हसला नाही. त्याने यादी पुढे ओढली आणि खूण केलेल्या तिन्ही नावांना एकेक करून परत फोन लावले. "ड्राइव्ह उत्तम आहे. काही आणू नका. माझाच अंदाज चुकला." तिचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन संपल्यावर त्याने ड्राइव्हची सफाई केली आणि लॅपटॉप तिच्या हातात दिला. त्याने जा म्हणायच्या आतच ती गेली.

पुढचे पाच शनिवार तिने घरात पडदे धुतले, कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. सहाव्याला लॅपटॉप पिशवीत घातला. पिशवीचा बंद हातात घट्ट गुंडाळून ती दुकानात शिरली.

"काय झालंय?" त्याने विचारलं. नजर लॅपटॉपवर.

"काही नाही. काहीच बिघडलेलं नाही."

"मग?"

"तुला भेटायला आलेय." तिने जीभ चावली. "म्हणजे... तुम्हाला. आधीच सरळ सांगायला हवं होतं."

त्याने नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. आत्याचं सोल्डरिंग थांबलं होतं.

"तपासावं लागेल," तो म्हणाला. "तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही."

"नसणारच."

"तुझ्या," त्याने दुरुस्त केलं. "तुझ्या बोलण्यावर नाही."

"अरे, तिला बसायला तरी दे," आत्या म्हणाली आणि भिंग डोळ्यांवर ओढून पुन्हा कामाला लागली.

त्याने दुसरं स्टूल स्वतःच्या स्टुलाला खेटून ठेवलं. ती बसली. चाचणी सुरू झाली, हिरवी पट्टी इंचाइंचाने सरकू लागली. टेबलाखाली त्याच्या करंगळीला तिची करंगळी लागली. कुणीच हात मागे घेतला नाही.

पट्टी टोकाला पोचली. लिहिण्याचा वेग: सेकंदाला ४७८ मेगाबाइट.