ओइव्हाचं सिम

सॉनाचं दार लाव रे, वाफ जाते. मिका, तू उद्या विमानात बसणार. घरचं सिम कुणाकडे ठेवलंस? मित्राकडे? ...हं. मग टाक त्या दगडांवर आणखी एक पळी पाणी, आणि ऐक.

हे ओइव्हाचं. माझ्या बहिणीचा, हेल्वीचा नवरा. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो पेरू देशातले डोंगर बघायला निघाला. तिथे गेल्यावर तिथलं सिम घ्यायचं आणि आपलं इथे बटणांच्या फोनमध्ये ठेवून जायचं, ही आपल्याकडची रीतच. नाहीतर बिल बघूनच माणूस आडवा व्हायचा! पण बँकेचे, विम्याचे खातरजमेचे आकडे येतात ते घरच्याच नंबरवर. ते वाचून कळवायला इथे विश्वासाचं कुणीतरी लागतं. हेल्वीचं घर सरोवराकाठी, तिथे रेंजच नाही. आजतागायत सिग्नलची एक काडी आलेली नाही. म्हणून तो फोन गेला रेयोकडे. चाळीस वर्षं दोघं कागदगिरणीत एकाच पाळीला.

“उशाशी ठेवतो, म्हाताऱ्या,” रेयो म्हणाला होता. “तू फक्त कड्यावरून पडू नकोस.”

ओइव्हा पडला नाही. उंचावर त्याच्या छातीत पाणी झालं. खाली मोठ्या इस्पितळात न्यायला हेलिकॉप्टर हवं, त्याला विमा कंपनीचा होकार हवा, आणि होकारासाठी घरच्या नंबरवर येणारे ते सहा आकडे. ते त्याला कुणी कळवलेच नाहीत. इथे पहाट होती, तेव्हा ओइव्हा गेला.

अंत्यविधीला रेयो ढसाढसा रडला. “रात्रभर फोन चालू होता, हेल्वी. काहीच आलं नाही गं.” आणि मी त्याला पोटाशी धरलं. मी! एवढा बावळट माणूस सापडायचा नाही.

मग चौदा जानेवारी. ओइव्हाची आठवण म्हणून हेल्वीला तो फोन जवळ हवा होता. रेयो तो द्यायला रात्री नऊला निघाला. पुढचं त्यानेच नंतर मला सांगितलंय, आणि तेव्हा खोटं बोलण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

वाटेत तो आपल्या मासेमारीच्या खोपटाशी थांबला. फोन उघडला, सिम काढलं आणि सरोवराच्या बर्फात मासे धरायला पाडलेल्या भोकातून पाण्यात सोडून दिलं. का? ओइव्हा गेला त्या रात्री टिंग टिंग ऐकून झोपमोड होते म्हणून त्याने आपला आणि ओइव्हाचा, दोन्ही फोन बंद केले होते. नंतर ओइव्हाचा चालू करायची हिंमत झाली नाही. चालू केला की अडलेले मेसेज पडणार, वेळेसकट. झोपेसाठी, पोरांनो! केसाने गळा कापला त्याने.

गाडी निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

शेजारच्या सीटवर... टिंग.

फोन बंद. आत सिम नाही.

त्याने घाबरून रेडिओ लावला. खरखर. मग खोकला. ओला, छातीतला.

“रेयो... आकडे सांग ना.”

रागाने नाही. गिरणीच्या मधल्या सुट्टीत मीठ मागावं, तसं.

त्याने रेडिओ बंद केला. तरी...

“आकडे सांग ना रे.”

“मला माहीत नाहीत!” रेयो ओरडला.

मग काही नाही. पुढचे वीस किलोमीटर... काही नाही.

मी हेल्वीकडेच बसलो होतो. रेयो आत आला, टोपीसुद्धा काढली नाही. फोन टेबलावर ठेवून खुर्चीत कोसळला. हेल्वीने त्याच्यापुढे कॉफी ओतली.

टिंग.

आम्ही तिघं बघत राहिलो. त्या घरात. जिथे रेंज नाही.

टिंग. टिंग. मी मोजले. चौदा. सगळे त्याच एका रात्रीचे. दर वेळी नवे सहा आकडे. शेवटचे पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी आलेले.

हेल्वीने मागचं झाकण काढलं. आत सिम होतं. ओलं.

“तू म्हणालास, काही आलं नाही.”

“हेल्वी, मी...”

तिने त्याच्यापुढचा कप उचलला आणि कॉफी मोरीत ओतली. दारी आलेल्याला कॉफीवाचून आपण घालवत नाही. वैऱ्यालाही नाही. रेयो उठला, निघून गेला. पुन्हा त्या रस्त्याला आला नाही.

सिम मी पुसून हेल्वीच्या चुलीवरच्या फळीवर ठेवलं. तिथे मोजे तासाभरात वाळतात. तीन वर्षं झाली. आज सकाळी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती सिमखालची ओली फळी पुसत होती.

“रोज पुसावी लागते,” म्हणाली.