नीराबाईच्या अंगणातला सोफा

टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं.

किशोरीने ते कुंपणाच्या खिळ्याला अडकवलं होतं, आणि खिळा काही टेप ओढत नाही. इथे मात्र कुणीतरी ओढत होतं... हलकेच, गळाला लागलेला मासा अजमावावा तसं. तिने मान वर केली. अंगणाच्या पार त्या टोकाला एक उंच, सावळा, ओल्या केसांचा मुलगा टेप चिमटीत धरून उभा होता आणि गालातल्या गालात हसत होता.

"किती भरलं?" त्याने विचारलं.

"एकवीस फूट. नीट धरा, झोळ पडतोय."

त्याने नीट धरलं. मग अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, "रस्ता घराच्या पुढून जाणार हाय, का घरातून?"

तेव्हा कुठे किशोरीने आजूबाजूला बघितलं. कुंपणाला बायका लागल्या होत्या. एक नाही, दोन नाही, मुरुडचा सगळा कोळीवाडा. चुन्याच्या फक्कीने कुणी जमिनीवर रेघा मारतंय म्हणजे सरकारी मोजणी आली, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही कळतं. कुणाच्या हातात कोयता होता, कुणाच्या हातात अर्धी कापलेली सुरमई.

"रस्ता नाही हो," किशोरी घाईघाईने म्हणाली. "सोफा."

"सोफा? अंगणात?"

तिचं कामच ते. अंगण, ओटा, गच्ची, पडवी... जिथून आभाळ दिसेल तिथे माणसाला निवांत बसावंसं वाटेल अशी झकास जागा करून द्यायची. पेणजवळच्या भातशेतीतली ही पोर दोन वर्षं पनवेलला एका ऑफिसात शिकली आणि आता स्वतःच्या जिवावर उभी राहिली होती. भाविकाताईंच्या लॉजचं अंगण करायला ती आली होती. भाविकाताईंनी फोनवर पत्ता सांगितला होता: निळं दार, दारात होडी. आता कोळीवाड्यात निळं दार आणि दारात होडी नसलेलं घर एकच, ते म्हणजे पोस्ट ऑफिस.

"लॉज तिकडं, तीन घरं सोडून," तो मुलगा म्हणाला. "पण एवढं मोजलंय तर बसून जा."

तेवढ्यात त्याची आई, नीराबाई, बाहेर आली. नीराबाईचा आवाज असा, की तिने मुरुडात हाक मारली तर काशीदच्या वाळूवर बसलेली माणसं 'ओ' देतात. तिने सगळं ऐकून घेतलं, रेघा बघितल्या, कंबरेवर हात ठेवले आणि निकाल देऊन टाकला. लॉजचं नंतर. आधी आमचं अंगण. कारण तीन आठवड्यांनी, रविवारी, थळहून पाहुणे यायचे होते. तिच्या निकेतला बघायला. घर जुनं हाय ते हाय, पण बसायची जागा अशी पायजे की पाहुण्यांनी उठायचं नाव घेऊ नये.

निकेतने टेपचं टोक सोडून दिलं. ते सुर्रकन किशोरीच्या हातात येऊन बसलं.

काम मात्र असं रंगलं की काय सांगावं. दिवाळी नुकती सरली होती, हवेत गारवा होता, आणि किशोरीच्या डोक्यात चक्र फिरत होतं. घरामागे निकेतच्या आजोबांची जुनी होडी उपडी पडली होती. ती मधोमध कापून तिने बाकडं करायला घेतलं. खाली चिऱ्याच्या लाद्या आणि मधल्या फटींत दूर्वा. खाऱ्या वाऱ्याला गुलाब दोन दिवसांत माना टाकतो, म्हणून कुंपणाला बोगनवेल आणि पायरीशी सदाफुली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गाद्या. माडाखाली काही ठेवायचं नाही, हे मात्र तिला निकेतने शिकवलं. गेल्या साली एक नारळ पडला तो म्हणे एवढ्या जोरात, की तलाठ्याच्या हातातला चहा अलिबागेत सांडला.

निकेत भरती-ओहोटी बघून होडीवर जायचा आणि आला की हातपायसुद्धा न धुता अंगणात. जाड दोरीचं जाळं विणून त्याने माणूस निजेल अशी झोळी केली. गाठ आवळायला टोक धरायची किशोरी. एकदा बोटाला बोट लागलं... दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं, आणि त्या गाठीला नको तेवढा वेळ लागला.

बाकडं किती लांब ठेवायचं, हे बघायला ती बसली आणि त्यालाही बसवलं. दोघं बसतील एवढं, असं नीराबाईने सांगितलं होतं.

"सरका ना जरा," किशोरी म्हणाली.

"सरकलो तर पाण्यात पडेन."

"पाणी पन्नास पावलांवर आहे."

"मला पोहता येत न्हाय."

कोळ्याचा मुलगा, आणि पोहता येत न्हाय म्हणे. किशोरीला हसू आवरेना. हसता हसता तिने वहीत लांबी लिहिली, चार फूट, आणि पेन थबकलं. हे चार फूट आपण कुणासाठी मोजतोय? रविवारी इथे निकेतच्या शेजारी थळची मुलगी बसणार. दिशा तिचं नाव, मोठ्या दवाखान्यात नर्स, माणसं चांगली. जागा आपणच करायची, गादी आपणच शिवून घ्यायची, आणि वर विचारायचं, बसायला बरं वाटतंय ना?

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. रोज सकाळी येऊन बघावं तर बाकड्याचं तोंड फिरलेलं.

"कुणी फिरवलं?"

"चिंबोऱ्यांनी," निकेत वाळूतल्या खेकड्याच्या बिळाकडे बोट दाखवत म्हणाला. "रात्री येतात. या भागातल्या चिंबोऱ्या लई दांडग्या. एकीने आमच्या होडीचं इंजिन नेलं, अजून रेवसला फेऱ्या मारते."

"मग त्या चिंबोरीला सांगा, बाकडं समुद्राकडे तोंड करून असतं."

"ती म्हणते, समुद्र आम्ही जल्मापासून बघतोय. आता जरा..."

बाकड्याचं तोंड पायरीकडे होतं. किशोरी चित्रं काढायला रोज बसायची ती पायरी.

तिचे कान गरम झाले. आतून नीराबाईने हाक मारून विचारलं, रविवारी पाहुण्यांना चहा द्यायचा का सरबत. किशोरीने बाकडं पुन्हा समुद्राकडे फिरवलं.

शनिवारी काम पुरं झालं. चार कोपऱ्यांना सुरूचे चार खांब, खांबांमध्ये ताणून दोऱ्या, दोऱ्यांवर बारीक पिवळे दिवे. संध्याकाळी ते लागले तेव्हा शेजारणी जेवण चुलीवर टाकून बघायला आल्या. निकेत समुद्रावर होता. बरं झालं, किशोरी स्वतःशीच म्हणाली, आणि भाविकाताईंच्या लॉजवर जाऊन रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

रविवारी सकाळी ती शेवटचा हात फिरवायला आली आणि फाटकातच थिजली.

तिच्या दोऱ्यांवर बोंबील होते.

पहाटे होड्या लागल्या होत्या, आणि अशा भरून, की म्हणे बोंबलांनीच होड्या ओढत किनाऱ्याला आणल्या. वाड्यातल्या सगळ्या वलांडी, म्हणजे बोंबील वाळत घालायचे खांब आणि दोऱ्या, भरून गेल्या. आणि नीराबाईला आपल्याच अंगणात खांबावर ताणलेल्या कोऱ्या करकरीत दोऱ्या दिसल्या. त्या बाईने जन्मभर खांबाला ताणलेल्या दोरीचा एकच उपयोग बघितलेला. दिव्यांच्या मधोमध, एका सरळ रांगेत, बोंबील लोंबत होते आणि निळ्या-पांढऱ्या गाद्यांवर टपटप पाणी गळत होतं.

"मावशी, अकरा वाजता पाहुणे येणार," किशोरी कशीबशी म्हणाली.

"पावणे थांबतील. बोंबील थांबत न्हाईत," नीराबाई म्हणाली आणि उरलेली टोपली तिच्यापुढे सरकवली. "हात लाव."

किशोरीला राग यायला हवा होता. आला पण. पण रागाच्या खाली कुठेतरी मन उड्या मारत होतं, आणि ते तिला लपवता येईना. तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि एक बोंबील उचलून दोरीवर टाकला. तो घसरला. दुसरा टाकला. तोही घसरला. तिसरा तिच्या चपलेवर पडला.

"असा न्हाय." निकेत मागे येऊन उभा राहिला होता. रात्रभराच्या जागरणाने डोळे लाल. त्याने दोन बोंबील घेतले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना सोडले. जोडी झकास बसली. "एकटा टिकत न्हाय दोरीवर. जोडीनंच टांगायचा."

"तुझी जोडी येतेय ना अकराला." ती 'तू' म्हणाली हे तिलाही कळलं नाही.

त्याने दुसरी जोडी केली, तिसरी केली. "आईला सांगणार होतो," तो हळूच म्हणाला. "रोज सांगणार होतो. पण सांगू काय? तू बाकडं सरळ करायचीस आणि कामाला लागायचीस. तुझ्या मनात काय हाय... मला काय ठाऊक?"

किशोरीने दोन बोंबील उचलले होते, ते हातात तसेच राहिले. आणि फाटक वाजलं.

पाहुणे तासभर आधीच आले होते. दिशा आणि तिचे मामा. मामांनी नाक मुरडलं नाही, थळच्या कोळीवाड्यातलेच ते. दिशाने मात्र अंगण डोळे भरून बघितलं, झोळीला हात लावून बघितला, ओली गादी उलटी करून होडीच्या बाकड्यावर बसली. आणि मग समोर बघत राहिली. समोर दिव्यांच्या दोरीखाली दोघं उभी होती, कोपरापर्यंत मासळीने माखलेली, आणि एकमेकांकडे अशी बघत होती की पाहुणे आल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुम्ही घरच्याच का?" दिशाने किशोरीला विचारलं. आवाजात राग नव्हता. नर्सच ती, दुखतंय कुठे ते तिला बघताक्षणी कळायचं.

नीराबाईने तोंड उघडलं होतं. पण किशोरी आधी बोलली.

"अजून नाही. ह्याने विचारलं तर होईन."

माडावरचे कावळे गप्प झाले. कुंपणापलीकडे सुऱ्या थांबल्या. समुद्रसुद्धा, शेजारणी सांगतात, दोन लाटा विसरला.

"विचारलं," निकेत म्हणाला. मग कुंपणापलीकडेही ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. "विचारलं मी."

दिशा हसायला लागली. म्हणाली, मामा, आपण चहा घेऊन निघू, पण असलं बाकडं मला आमच्या अंगणात पायजे, ह्या दोघांनीच येऊन करायचं. मामांनी मान हलवली आणि गुपचूप झोळीत जाऊन पडले. नंतर त्यांना तिथून काढायला दोन माणसं लागली.

राहिली नीराबाई. ती काहीच बोलेना, आणि नीराबाई बोलत नाही म्हणजे वाड्यात सगळ्यांनाच धडकी. ती किशोरीजवळ आली. तिच्या हातातले दोन बोंबील बघितले. जबड्यात जबडा किशोरीने केव्हाच अडकवला होता, नकळत, आणि बरोबर.

नीराबाईने ती जोडी घेतली, दोरीवर टाकली आणि चार कोपऱ्यांवरून नजर फिरवली.

"पोरी," ती म्हणाली, "ह्या दोऱ्या अजून चार वाढव. पुढल्या हंगामाला पुरायच्या न्हाईत."