राणीमाशी आणि शेवटचा फर्मा

प्रेमाला फक्त एकच गोष्ट लागते, ती म्हणजे स्वच्छ नजर. निदान चष्म्याच्या दुकानाबाहेरच्या पाटीवर तरी तसं लिहिलं होतं. त्याखाली फ्रेमवर सवलत होती.

ती पाटी वाचायला डिंक्याला रस्ता ओलांडून अगदी काचेपाशी यावं लागलं, म्हणजे माणूस योग्य दुकानात आला होता. डिंक्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं उसवून पुन्हा बांधायचा. त्याच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. नाव त्यातूनच पडलं. गेल्या आठवड्यात त्याने एका शब्दकोशाला उलटं कव्हर चढवलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्याला समोर उभं केलं.

"माझी भाची डोळे तपासते. आजच जा. आत्याने पाठवलंय म्हणून सांग, नाहीतर महागडी फ्रेम चिकटवेल तुला."

भाचीने त्याला अंधाऱ्या खोलीतल्या उंच खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली आणि इतक्या जवळून त्याच्या डोळ्यांत पाहिलं, की तो श्वास घ्यायचा विसरला.

"पापणी लवली तरी चालेल," ती म्हणाली. "श्वास घेतलात तर आणखी बरं."

"घेतो..."

"आता सांगा. ही काच बरी, की ही?"

"दोन्ही बऱ्या आहेत."

"असं नसतं. एक निवडावीच लागते."

"मग — जी लावताना तुम्ही जास्त पुढे झुकता ना... ती."

एवढं धीट वाक्य आपल्या तोंडून निघालं कसं, याचं त्यालाच नवल वाटलं. अंधाराचा परिणाम असावा. ती मात्र दचकली नाही की लाजली नाही. तिने शांतपणे काच बदलली.

"खालची ओळ वाचा, गुलछबू."

दिवा लागला तेव्हा तिच्या टेबलावर त्याला एक निळं पुस्तक दिसलं. धूसर दिसत असूनही त्याने ते ओळखलं. स्वतःची शिवण माणूस विसरत नाही. कुमारांसाठीची विज्ञान कादंबरी होती ती.

"वाचलंय?" तिने विचारलं.

"बांधलंय."

"मग वाचाच. अहो, सतरा वर्षांची वैमानिक मुलगी, परका ग्रह, मित्र दुसऱ्या यानात अडकलेला, प्राणवायू संपत आलेला — सगळं नेहमीचं. मी तर जांभया देत होते. आणि शेवट!" तिने छातीवर हात ठेवला. "दार उघडतं आणि तिला समोर दिसते एक... पेटी. 'ती नेहमी सावलीत ठेवावी.' बस्स! ती यान सोडून देते आणि चक्क मधमाश्या पाळते! 'राणीमाशी हरवल्यास घाबरू नये. पोळं शांतपणे वाट पाहतं.' मी रडले हो. आजवर कुठल्या लेखकाने एवढी हिंमत केलीय? शेवटच्या पानावर तर नुसती यादी. धुराडं, हातमोजे, जाळीची टोपी. संसाराला आणखी लागतं काय?"

डिंक्याने हळूच त्या पुस्तकाची शिवण चाचपली.

"शनिवारी वाचनालयात वाचकांचा मेळावा आहे," ती उत्साहात म्हणाली. "मी याच शेवटावर बोलणारेय. तुम्ही याल ना? नव्या चष्म्यातून बघायला?"

तो वाचनालयात परतला तो थेट शेतीच्या कपाटाशी. मधमाशीपालनाचं पुस्तक त्याने डोळ्यांशी धरून उघडलं. भीती खरी निघाली. दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी त्याच्या टेबलावर उसवलेली होती. एकाच छापखान्याची, एकाच आकाराची. दोन्हींचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, एकाच पृष्ठांकाने सुरू होत होता. डिंक्याने इमानदारीने फक्त पृष्ठांक जुळवले होते. पोळ्यांच्या रोगांनंतर आता तिथे वैमानिक मुलगी धावत होती. धावून धावून शेवटी ती अंथरुणात जागी होते, सगळं स्वप्न असतं, आणि आई तिला दूध आणून देते.

आता प्रश्न साधा होता. गप्प बसावं, तर शनिवारी हॉलमध्ये कोणीतरी खरी प्रत वाचलेला असणार आणि सगळे तिला हसणार. सांगावं, तर तिचं लाडकं पुस्तक आपल्याच हातून जाणार, आणि त्याच्यासोबत तीही.

चष्मा न्यायला तो गेला तेव्हा तिने स्वतःच्या हाताने तो त्याच्या नाकावर बसवला. कानामागे दांडी नीट करताना तिची बोटं गार लागली, आणि जरा जास्तच रेंगाळली.

"टोचतंय?"

"हो... म्हणजे चष्मा नाही." त्याने एकदाच काय तो तिचा स्पष्ट चेहरा पाहून घेतला. डाव्या भुवईत एक बारीकशी खूण होती. मग त्याने सगळं सांगून टाकलं. फर्मा, पृष्ठांक, दूध, सगळं.

तिने निळं पुस्तक पुढे ओढलं आणि शेवटची पानं उलटून पाहिली.

"म्हणजे मी शेतीच्या पुस्तकावर रडले?"

"...हो."

"आणि खऱ्या शेवटात ती स्वप्नातून उठून दूध पिते?"

"साय काढलेलं."

तिचे ओठ हलले. हसू होतं की राग, ते नव्या काचांतूनही कळेना. "शनिवारनंतर सांगितलं असतंस तर?"

ती अहोजाहोवरून अरेतुरेवर आली होती. हे चांगलं की वाईट, तेही कळेना.

"लोक हसले असते. माझ्यामुळे कोणी तुम्हाला हसावं... ते मला बघवलं नसतं."

"हं. दुकान बंद करायचंय. नीघ तू."

शनिवारी डिंक्या मागच्या रांगेत खांबाआड बसला. ती माईकपाशी आली, निळं पुस्तक तिने उंच धरलं आणि काही न लपवता सगळी हकिगत सांगितली. हॉल खदखदून हसला. ती हसणं थांबेपर्यंत थांबली, घाई न करता.

"हसून झालं? आता माझं मत ऐका," ती म्हणाली. "लेखकाने सगळं स्वप्न होतं म्हणून हात झटकले. ज्याने चुकून का होईना, त्या पोरीला घर, सावली आणि काम दिलं, तो मला जास्त आवडला. पुस्तकातही — आणि पुस्तकाबाहेरही. खांबामागे लपलाय. चष्मा आहे त्याला, मीच दिलाय. तेव्हा दिसत नाही ही सबब चालायची नाही."

सगळ्या माना वळल्या. डिंक्या उभा राहिला, कारण बसून राहणं त्याहून अवघड होतं.

"मला... दिसतंय," तो म्हणाला. "स्पष्ट दिसतंय."

"मग पुढे ये की रे मेल्या!" पहिल्या रांगेतून आत्या ओरडल्या. "पोरीचा हात दुखला पुस्तक धरून!"

तो पुढे आला. तिने पुस्तक खाली ठेवलं, पण हात तसाच पुढे राहू दिला. खळीचा वास तिला आवडतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. निळ्या पुस्तकाला आत्यांनी हात लावू दिला नाही, म्हणून मधमाशीपालनाचंही तसंच राहिलं. ते आजही शेतीच्या कपाटात आहे. मधमाश्या पाळणारे लोक ते नियमित नेतात, वेळेवर परत करतात, आणि शेवटाबद्दल आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.