दुसरा पडदा

चेन्नईच्या उन्हात शनिवारची दुपार कोणी दुसऱ्याच्या घरचा मॉनिटर दुरुस्त करण्यात घालवत नाही. मी घालवली. पेरुंगुडीच्या आमच्या कंपनीत मी कॉम्प्युटरची देखभाल बघतो, त्यामुळे ओळखीत कोणाचा माऊस अडला तरी फोन मलाच येतो. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! पण अनन्याला नाही म्हणवेना.

अनन्या आमच्या ऑफिसात नवी लागलेली, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. एका ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात तिची टीम होती आणि रविवारी निवडीचा सामना होता. तिचा मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारा, पण तीन महिन्यांपासून साठावरच अडला होता. शत्रू दिसेपर्यंत ही मेलेली असायची. यावेळी अडखळलीस तर तुझी जागा दुसऱ्याला, असं कॅप्टननं बजावलं होतं. ती जागा तिनं आणि तिच्या थोरल्या भावानं, वेंकटनं, चार वर्षं खपून मिळवलेली. वेंकट तीन महिन्यांपूर्वी डेंग्यूनं गेला. एवढं मला ठाऊक होतं.

वेस्ट मांबलमला पोचलो तर तिची आई, कमलिनीबाई, दारातच होत्या.

"या वो, ऊन फार कीं. आधी मोर घ्या."

थंडगार ताक पिऊन मी आत गेलो. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून खोलीच्या खिडक्या लावलेल्या, एकच झडप अर्धी उघडी. बाहेर रस्ता उन्हात पांढरा झालेला आणि आत दिवेलागणीसारखा अंधार. पंखा गरगरत होता, तरी निलगिरी तेलाचा वास हलत नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात होता. त्याच्यापाशी एक कावळा नुसता बसून होता.

"रोज जेवायच्या आधी ठेवते," कमलिनीबाई म्हणाल्या. "येतो, बसतो... शिवंना."

अनन्या खुर्ची सोडून बाजूला उभी राहिली आणि मी कामाला लागलो. केबल बदलली, ग्राफिक्स कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून नव्यानं घातलं. काही नाही, साठच. मग डिस्प्लेचं सेटिंग उघडलं आणि हसू आलं. तिथं एका चौकटीऐवजी दोन होत्या, एक आणि दोन, आणि खाली लिहिलेलं की दोन्हींवर एकच चित्र दाखवतोय. दोन पडदे असे जोडले की जो मंद असेल त्याच्या चालीनं दुसऱ्याला चालावं लागतं. अगदी बाळबोध चूक!

"दुसरा मॉनिटर काढ की गं. कुठे जोडलायस?"

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. कॉम्प्युटरला एकच केबल होती, आत्ता मीच लावलेली.

चित्र फक्त पहिल्यावर दाखव, असं केलं. एकशे चव्वेचाळीस झाले. मी वळून काही म्हणणार, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली, उजळली, आणि पुन्हा दोन चौकटी. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"सर..." अनन्या अगदी हळू म्हणाली. "तो दुसरा मॉनिटर वेंकटअण्णाचा आहे. जुना, साठचा. तो आम्ही भंगारात दिला... अण्णा गेल्यावर."

"मग?"

तिनं खुर्चीमागच्या प्लास्टिकच्या स्टुलाकडे बोट केलं. "मी खेळताना तो इथं बसून त्याच्या पडद्यावर माझा गेम बघायचा. चुकलं की सांगायचा. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळे उन्हात उभे... अम्मा रडायला लागली. मग मी म्हटलं, अण्णा, मी खेळीन तेव्हा तू बघ. लगेच शिवला." मी काढलेली केबल ती हाताभोवती गुंडाळत होती. "तेव्हापासून साठ आहे, सर. मला त्याला जा म्हणवत नाही. आणि उद्या हरले तर त्याचीच चार वर्षं वाया जाणार."

पोरीच्या डोळ्यांत पाणी पाहून मला भरून आलं, आणि भरून आलं की मी थट्टा करतो. ही माझी खोड. मी स्टुलाकडे वळून हात जोडले.

"बरं बाबा वेंकट, बहिणीला मोकळं कर. हवं तर माझ्याकडे बघत बस."

कट्ट्यावर पंख फडफडले. कावळ्यानं भातात चोच घातली. स्क्रीन एकदा मिटून उजळली, तर चौकट एकच होती. खाली एकशे चव्वेचाळीस.

अनन्यानं माऊस फिरवला. चित्र लोण्यासारखं सरकलं. ती हसली नाही. मागं वळून स्टुलाकडे बघत राहिली. दारात कमलिनीबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

"असं बोलू नये वो," त्या म्हणाल्या. एवढंच.

रविवारी संध्याकाळी फोन आला. टीम निवडली गेली होती. मला मनापासून आनंद झाला. मी तसं म्हणालोही, पण पलीकडे अनन्या रडत होती.

"सर, आज मागं कोणी नव्हतं. वासही नव्हता. अम्मा विचारते... अण्णा तिथं आहे का?"

मी हसलो. समोर माझा लॅपटॉप होता. त्याला मी कधीच काही जोडत नाही. सहज म्हणून सेटिंग उघडलं.

दोन चौकटी होत्या.

मी फोन कानाला धरून त्या पुन्हा मोजल्या. कमलिनीबाईंनी तिच्या हातून फोन घेतला असावा.

"आहे नव्हे?" त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि माया. "मग त्याला मागं बसायला काही द्या वो. उभा ऱ्हायला कीं पाय दुखतात त्याचे. हे तीन महिने तेल चोळून चोळून मी थकले."

मी न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल आणून खुर्चीमागे ठेवलं. वेड्यासारखं वाटलं, तरी ठेवलं. मग लॅपटॉप बंद केला, वायर काढली, त्याला कपाटात कोंडलं आणि म्हटलं, संपलं. पडदाच नाही तर बघणार कशात?

झोपताना लक्षात आलं. अनन्यानं 'खेळीन तेव्हा' म्हटलं होतं. मी मात्र नुसतंच 'माझ्याकडे बघत बस' म्हटलं होतं; कधी आणि किती, काहीच बोललो नव्हतो.

सकाळी उठलो तर खोलीभर निलगिरीचा वास होता आणि स्टूल माझ्या उशाशी होतं.