पुसलेल्या कडा

काच पहिली. स्तनातल्या गाठीचा सुईने घेतलेला तुकडा. प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडा.

काच दुसरी. तीच बाई, तीच गाठ, पंधरा दिवसांनी शस्त्रक्रियेत काढलेली. कडा नाहीत.

डॉ. वेदिकांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. हर-टू हे प्रथिन निरोगी पेशीच्या अंगावरही असतं, मोजकंच. वाढीचा निरोप आत पोचवतं. चंद्रभागाबाईंच्या गाठीत त्याची गर्दी होती. औषध त्यालाच चिकटतं. प्रथिन नाही, तर औषध नाही.

एवढी गर्दी गेली कुठे?

अदलाबदल? पेशींची ठेवण तीच होती. रंग बिघडला? सोबत रंगवलेली, प्रथिन असल्याची खात्री असलेली काच नीट रंगली होती.

पण पेशी फुगलेल्या. आणि सोमवारी तुकड्याची बाटली उघडताना फॉर्मालिनने डोळे नेहमीसारखे चुरचुरले नव्हते. तळाशी झेंडूची पाकळी होती. घाईत त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

“शस्त्रक्रियेनंतर बाटली शनिवारीच हातात मिळाली ना?” त्यांनी बोलावून घेतलेल्या नातेवाइकांना विचारलं.

“हो मॅडम,” चंद्रभागाबाईंचा मुलगा योगेश म्हणाला. “तुमची लॅब बंद झालेली. घरी देवापाशी ठेवली.”

“कुणी उघडली?”

“त्यात काय बघायचंय उघडून!”

शेजारी नवसाबाई, चंद्रभागाबाईंची थोरली बहीण, पायाशी फुलांची टोपली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“मावशी, तुम्ही फुलं विकायला कुठं बसता?”

“पंचवटीत. रामकुंडापाशी.”

“बाटलीत पाणी कुठलं होतं?”

नवसाबाईच्या बोटावरचा पदर सुटला.

“मावशे?” योगेश तिच्याकडे वळला.

“रंगू येती सपनात,” नवसाबाई म्हणाली. “धाकटी आमची. हाच रोग. राख कुंडात सोडली, पण कापलेला भाग हितंच ऱ्हायला. दारात उभी ऱ्हाती, पदर छातीशी धरून. म्हणती, मी पुरी नाय आले. चंद्राचं तसं नको व्हायला. ते उग्र पाणी ओतून दिलं. कुंडाचं भरलं.”

“ते उग्र पाणी तुकडा कुजू देत नाही,” वेदिका म्हणाल्या. “साध्या पाण्यात दोन दिवसांत पेशी फुगल्या, प्रथिन विरलं. पण फक्त बाटलीतलं. चंद्रभागाबाईंच्या आजारात ते आहेच. पहिली काच खरी. तसं आजच लिहून देते. औषध मिळेल.”

योगेशने तोंड ओंजळीत लपवलं.

“अन् रंगू?”

वेदिकांनी रंगूच्या शस्त्रक्रियेचं साल विचारलं. मागच्या कपाटातला खण ओढला.

काच तिसरी नाही. मेणाचा चौकोन, बोटाच्या पेराएवढा, आत जपलेल्या तुकड्याचा करडा ठिपका. वर चिठ्ठी: रंगूबाई.

नवसाबाईने हात पुढे केला नाही. पदर पसरला.

“चल बाई,” ती म्हणाली.