शेवंताक्काची हातछाप

पोटच्या पोराला, दिगंबरला, पाहुण्यांना हुरडा खाऊ घालता येत नव्हता, हे शेवंताक्काचं पहिलं गाऱ्हाणं. आगटीतलं कणीस काढायचं, हात पोळत मळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि दाणे वाफाळते आहेत तोवर समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. एवढीच विद्या. हा मात्र चिमट्यात कणीस धरून फोनात बघत उभा.

"निवलेला हुरडा म्हशीला घालत्यात रं," ती म्हणाली, "पुण्याच्या माणसाला न्हाई."

पाहुणे हसले. दिगंबर हसला नाही. त्याचं लक्ष राखण्या नावाच्या यंत्राकडे होतं.

ज्वारीच्या मधोमध उंच खांबावर हा राखण्या उभा होता. दोन डोळे, एक लोखंडी हात आणि खाली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचं पिंप. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या पोरांनी आक्काच्या दंडापासून बोटांपर्यंत एक पट्टा बांधला होता. अख्खा हंगाम ती मचाणावरून गोफण फिरवत होती आणि तिच्या प्रत्येक स्नायूची ओढ पट्टा टिपत होता. त्या नोंदीला ते हातछाप म्हणत. आक्काचा नेम असा, की कणसावरचं पाखरू उडे पण कणसातला दाणा सांडत नसे. शाळेत चार दिवस गेलेली बाई यंत्राची मास्तरीण झाली, हे तिनंच गावभर सांगितलं होतं.

माणूस रानात शिरलं तर मात्र आक्का गोळी त्याच्या डोक्यावरून सोडायची. नुसती भीती घालायला. पण त्या हंगामात चोर आलाच नाही, त्यामुळे ही फेक पट्ट्याला कधी कळली नाही.

यंदा कुणीतरी कडेच्या दोन सऱ्यांची कणसं कापून नेली. तेव्हा दिगंबरने राखण्याला हुकूम भरला: जो कणीस मोडेल त्याला मार, घरचे पाच चेहरे सोडून.

"दाखवा की मारून," एक पाहुणा म्हणाला. दाखवायची गरजच पडली नाही. एक पोपट कणसावर उतरला, लोखंडी हात फिरला आणि हिरवी पिसं उडाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी पाखरं उडवायची," आक्का म्हणाली. "ह्यो मारतोय."

तेवढ्यात बांधावरून सुंदराबाई आली. ही धनगराची बाई. दर साली पीक निघालं की तिची मेंढरं खतासाठी याच रानात बसत. कोणत्या दिवशी बसवायची, ते ठरवायला ती आली होती. त्या भागात वाटसरूनं रानात उभं राहून पोटभर खाल्लं तर कुणी काही बोलत नसे. ओच्यात भरून नेलं, तरच ती चोरी. तीस वर्षं सुंदरा येताना एक कणीस मोडून खात आली होती. आजही तिनं मोडलं.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो तिच्या मनगटाचा होता.

पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळच.

सुंदरा कोलमडली. तिच्या अंगाखाली ज्वारीची चार ताटं मोडली. राखण्याच्या लेखी ती चार कणसांची चोरी होती. चार गोळ्या सुटल्या. कोपर, बरगडी, खांदा, पुन्हा बरगडी. ती वेदनेनं लोळली, आणखी ताटं मोडली, आणखी गोळ्या आल्या.

"बंद कर, मुडद्या!"

"तीन मिनटं लागत्यात, आक्का," दिगंबर फोनवर बोटं मारत होता. "चोरानं बंद करू नये म्हणून..."

आक्का ज्वारीत घुसली. "सुंदरे, हलू नको!"

"आक्का, म्या एकच मोडलं गं," सुंदरा म्हणाली. तिच्या तोंडातून रक्त आलं.

आक्का तिच्यावर पालथी पडली. आक्काचा चेहरा घरचा होता, म्हणून तिला गोळी लागली नाही. पण सुंदराचे पाय उघडे राहिले. घोट्यावर एक बसली आणि हाड बाहेर आलं.

तेव्हा आक्का उठली. डोक्यावरचा पदर ओढून तिनं त्याच्या घडीत खाली पडलेली मातीची गोळी धरली आणि गरकन फिरवली. समोर लोखंडी हातही फिरला. तोच कोपराचा अर्धा वेढा, शेवटी मनगटाला तोच बारीक हिसका. तिचाच हात, फक्त न दमणारा. तिची पहिली गोळी हुकली. त्याची हुकली नाही. सुंदराचा कान फाटला. दुसऱ्या गोळीनं राखण्याचा एक डोळा फुटला, तिसऱ्या गोळीनं दुसरा. आंधळा हात हवेत थांबला.

आता टाळी वाजली नाही. एक पाहुणा बांधाला ओकत होता. दुसऱ्यानं सुंदराला गाडीत घातलं. तिचा पंजा मनगटाला नुसत्या कातड्यावर लोंबत होता.

गाडीची धूळ खाली बसली तसा दिगंबर पुटपुटला, "नेम तर तुझाच हाय त्यात, आक्का. म्या काय केलं?"

"नेम माझा. माणूस वळखायचं काम तुझं व्हतं." तिनं स्वतःचा उजवा तळवा उघडून पाहिला. "खरं बोल. माझा हात आनिक कुठं कुठं उभा हाय?"

"कंपनीनं नदीकाठच्या चाळीस गावांत बसवलाय. हुकूमबी समदीकडं ह्योच." तो खाली बघत म्हणाला. "ती बंद करणं माझ्याकडं न्हाई. कळवलं तरी कोण ऐकतंय?"

"सुंदराची मेंढरं त्याच गावांतनं जात्यात."

दिगंबर फोन खिशात घालू लागला.

"मग ऐक. उद्यापासनं तिची मेंढरं तू हाकायची, ती बरी व्हईपातूर. मेंढरं मागं, तू पुढं. आन् ज्या ज्या रानात माझा हात उभा दिसंल, तिथलं पयलं कणीस तू मोडायचं."

"तिथं मला कोण वळखणार, आक्का? त्यो मलाबी हाणंल!"

"हाणू दे," शेवंताक्का म्हणाली. "आईचाच हात हाय त्यो. आईचा मार खाऊन कुनी मेलंय व्हय रं?"